खांदा म्हणतो छोटा घे, डोळे म्हणतात मोठाच ठेव

मागच्या ट्रिपची बॅग भरत होतो तेव्हा लेक येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा तू मोठा कॅमेरा घेतोयस का, म्हणजे मग मी स्केचबुक घेते. मला आधी संबंधच लागेना. तर संबंध असा की मोठा कॅमेरा असला की बाबा थांबतो, बाबा थांबला की आई थांबते, आणि तेवढ्या वेळात हिचं एक चित्र होतं. तक्रार वगैरे काही नाही, नुसतं नियोजन. आणि गंमत म्हणजे त्या ट्रिपला कॅमेरा बॅगेतून बाहेर आला फक्त दोनदा, बाकी चार दिवस मी तो नुसता वाहिला. परत आल्यावर उजवा खांदा आठवडाभर बोलत होता आणि कार्डावर होते ६२ फोटो.

तेव्हा पहिल्यांदा सिरियसली मनात आलं की हे सगळं विकून खिशात मावेल असा एखादा कॉम्पॅक्ट घ्यावा का. पुढचे पाच महिने याच्यात गेले. पाच महिने म्हणजे रोज रात्री जेवणं झाल्यावर रिव्ह्यू, चार्ट, सॅम्पल फोटो शंभर टक्के झूम करून बघणं, आणि बायकोचं "झालं का तुझं ठरवून" हे ठरलेलं वाक्य. शेवटी जे ठरलं ते चार्टवरून ठरलंच नाही, म्हणून हे लिहितोय.

माझ्याकडे काय होतं ते आधी सांगतो. फुल फ्रेम (म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर मोठा असलेली) मिररलेस बॉडी, २४-७० एफ २.८ झूम, आणि एक ८५ एफ १.८ लेन्स. (२४, ७०, ८५ ही मिलिमीटरमधली फोकल लेन्थ, आकडा लहान तेवढी नजर रुंद म्हणजे वाइड. एफ म्हणजे अपर्चर, लेन्सचं भोक, आकडा लहान तेवढं भोक मोठं आणि उजेड जास्त.) कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की लोक तेवढंच वाचतात आणि भांडत बसतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघितलं (बायको बघत नसताना), बॉडी बॅटरी आणि कार्डासकट ६६० ग्रॅम, झूम त्याच्या हूड आणि फिल्टरसकट ८५० च्या वर. म्हणजे दीड किलो गळ्यात, आणि ८५, जादा बॅटरी, बॅगेचं स्वतःचं वजन हे वेगळंच.

मिररलेस म्हणजे छोटा, असं मी डीएसएलआर (आत आरसा असलेला जुना प्रकार) सोडताना स्वतःला समजावलं होतं. ते अर्धंच खरं निघालं. आरसा गेला म्हणून लेन्सचं तोंड सेन्सरच्या जवळ आलं हे खरंय, निकॉनचं ते अंतर डीएसएलआरमधे ४६.५ मिलिमीटर होतं ते मिररलेसमधे १६ झालं, कॅननचं ४४ वरून २० झालं, त्यामुळे बॉडी चपटी झाली. पण ७० मिलिमीटरला एफ २.८ हवं तर २५ मिलिमीटरचं भोक लागणारच, आणि फुल फ्रेमचा कोपरा न कोपरा झाकायचा तर काचा मोठ्या लागणारच, तिथे आरसा असो नाहीतर नसो. चपट्या बॉडीला पुढे तोच तांब्याएवढा लेन्स लावला की सगळं पुढे ओणवं होतं आणि मनगटावर येतं, बस.

सगळ्यात आधी मी एक काम बरं केलं. तीन वर्षांतल्या ज्या फोटोंना मी स्वतः स्टार दिलेत तेवढेच काढले, ४१२ निघाले. लाइटरूममधे लायब्ररीत मेटाडेटाची पट्टी उघडली की कुठल्या फोकल लेन्थला किती फोटो ते समोर येतं. २४ ते ३० च्या मधे १७१. बरोब्बर ७० ला ७४. ८५ च्या लेन्सने ११८. आणि ३१ ते ६९ हा जो सगळा मधला पट्टा, ज्याच्यासाठी एवढा मोठा झूम घेतला, त्यात उरले ४९. म्हणजे मी झूम वापरतच नव्हतो, एक तर पूर्ण इकडे नाहीतर पूर्ण तिकडे, मधे थांबायची सवयच नाही. ज्यांना असा काही निर्णय घ्यायचाय त्यांनी दुकानात जायच्या आधी हे जरूर करा, फुकट आहे आणि स्वतःबद्दलचे बरेच गैरसमज जातात. मी स्वतःला पोर्ट्रेटवाला समजत होतो, निघालो वाइडवाला.

पण तेव्हा मला त्या आकड्यांचा अर्थ कळला नाही. बघितले, हसलो, आणि परत सेन्सरच्या मागे लागलो. त्याला कारण एक मित्र, तो म्हणाला "अरे सेन्सर बघ फक्त, बाकी सगळं मार्केटिंग." मग काय, बसलो सेन्सर बघत.

तर सेन्सरचं थोडक्यात असं आहे. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. त्याच्या खालचं माप एपीएससी, साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६६. आणि कॉम्पॅक्टमधे जो "एक इंच" म्हणून विकतात तो १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६. हे वाचून मी पट्टी घेऊन बसलो होतो की यात इंच कुठाय, एकही बाजू इंच नाही, कर्णसुद्धा १६ मिलिमीटरच्या आत. तर ते माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचेच्या नळीचं, नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असेल तर आतलं चित्र एवढंसंच पडायचं, नळ्या गेल्या आणि नाव राहिलं. आमच्याकडे एका खोलीला अजून ट्रंकेची खोली म्हणतात, ट्रंक जाऊन वीस वर्षं झाली, तसंच.

क्षेत्रफळ दुप्पट म्हणजे साधारण एक स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फुल फ्रेम आणि एक इंच यांच्यात साडेसात पट म्हणजे जवळजवळ तीन स्टॉप. फुल फ्रेम आणि एपीएससी यांच्यात फक्त सव्वा स्टॉप. हा सव्वा स्टॉप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे, मी तेव्हा ठेवला नाही.

मग वाचन पुरे झालं म्हणून एका मित्राकडून त्याचा झूमवाला कॉम्पॅक्ट दोन आठवड्यांसाठी आणला, तोच एक इंच सेन्सरवाला. खिशात टाकला तर खरंच गेला, पँटच्या खिशात, आणि मला पहिल्या दिवशी इतका आनंद झाला की मी दोनदा खिसा चाचपून बघितला की आहे ना. दोन्ही कॅमेऱ्यांनी तेच तेच फोटो काढले. सकाळी बाल्कनीतून, दुपारी झाडाखाली, लेक सायकलवर, माझी आई वाचत बसलेली. मग दोन्हीचे ए४ प्रिंट काढून मागे पेन्सिलीने खूण करून जेवणाच्या टेबलावर जोड्या लावल्या आणि घरच्यांना म्हटलं चांगला कुठला ते उचला.

कोणी सेन्सर उचलला नाही. आईने तिचा जो फोटो उचलला तो कॉम्पॅक्टचा होता, कारण त्यात ती खरंच वाचत होती. मोठा कॅमेरा डोळ्याला लावला की आई ताठ बसते, केसांवरून हात फिरवते आणि फोटोसाठीचा चेहरा करते, ही सवय चाळीस वर्षांत गेली नाही तर आता काय जाणार. बायकोने तिसऱ्या जोडीला थांबून विचारलं की यात पोरीचे डोळे मिटलेत, हा प्रिंट कशाला काढलास, मी म्हटलं कोपऱ्यातला शार्पनेस बघ ना, तिने माझ्याकडे बघितलं फक्त. मुळात ए४ ला ३०० डीपीआयने छापायला पावणेनऊ मेगापिक्सेल पुरतात आणि हल्लीचा कुठलाही धड कॅमेरा २० च्या पुढे असतो, त्यामुळे भर उजेडात फरक शोधायचा म्हणजे भिंगच लागतं. मी भिंग आणलं होतं. असो.

मग आलं शाळेतलं नाटक. अंधारा हॉल, स्टेजवर एलईडी लाइट, आणि लेक झाड झालेली, म्हणजे हलायचं नाही अशी भूमिका पण ती हलत होती. मोठ्यावर ८५, एफ १.८, शटर सेकंदाचा २५० वा भाग, आयएसओ (अंधारात वाढवावा लागतो तो आकडा, वाढला की फोटो खरखरीत होतो) १६००, झकास. कॉम्पॅक्टचा झूम तेवढाच पुढे नेला तर अपर्चर एफ ४ वर आलेलं, त्यामुळे तेवढंच शटर ठेवायचं तर आयएसओ ८००० च्या घरात. म्हणजे लेन्सचे सव्वादोन स्टॉप गेले आणि वर सेन्सरचे जवळजवळ तीन, पाच स्टॉपचा फरक, हा काही भिंगातून बघायचा फरक नाही. झाडाला चेहरा होता की नाही एवढाच प्रश्न. मित्राचा कॅमेरा वाईट होता असं मुळीच नाही, ११६ चौरस मिलिमीटरवर जेवढा उजेड पडला तेवढाच तो दाखवणार.

पण एक मात्र आहे. मोठ्याने मेकॅनिकल शटर वापरलं तर खट्ट खट्ट, पुढच्या रांगेतल्या बाई दोनदा मागे वळल्या. सायलेंट केलं तर इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे एलईडीखाली फोटोभर आडवे पट्टे. छोट्याला लेन्समधेच पात्यांचं शटर असतं, ते जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणजे ज्याला दिसत होतं तो ओरडत होता आणि जो गप्प होता त्याला दिसत नव्हतं.

आता मुख्य भानगडीकडे येतो, जी मला कुठल्याच रिव्ह्यूमधे सापडली नाही, कारण रिव्ह्यू करणारे सगळे तिशीच्या आतले असावेत. मी ४७ चा आहे. दोन वर्षांपूर्वी चाळिशी लागली, म्हणजे चष्मा. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर कडक होत जातं आणि जवळचं फोकस होत नाही, साधी गोष्ट, सगळ्यांना होते. लांबचं मला उत्तम दिसतं त्यामुळे चष्मा कायम घालत नाही, वाचायला लागतो तेवढाच. आणि हे कॅमेऱ्याच्या बाबतीत मला कधी जाणवलंच नव्हतं, कारण मोठ्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि व्ह्यूफाइंडरला ते डायॉप्टरचं छोटं चाक आहे. ते एकदा फिरवून डोळ्याला जुळवलं की आतलं चित्र डोळ्याला लांब असल्यासारखं दिसतं, अक्षरं सुद्धा स्वच्छ. म्हणजे मी दोन वर्षं मेनू, हिस्टोग्राम, फोकस सगळं डोळा आत घालून बघत होतो आणि मला वाटत होतं की माझे डोळे ठणठणीत आहेत.

मित्राच्या कॉम्पॅक्टचं मागचं स्क्रीन हातभर लांब धरलं तर फ्रेम दिसायची. फोकस कशावर आहे ते नाही दिसायचं. शटर किती, आयएसओ किती ते आकडे तर मुंग्या. चष्मा घातला की स्क्रीन दिसतं पण समोरची लेक धूसर, चष्मा काढला की लेक दिसते आणि स्क्रीन धूसर. एकदा ती झाडावरून उडी मारत होती आणि मी चष्मा कपाळावरून नाकावर आणेपर्यंत ती खाली उतरून मातीत बसली होती. त्यात ऊन असेल तर स्क्रीन म्हणजे आरसाच, स्वतःचंच तोंड दिसतं, तेही धूसर. त्या कॅमेऱ्याला तसं एक चिमुकलं व्ह्यूफाइंडर होतं, वर उचलून ओढायचं, पण ते बाहेर काढेपर्यंत पण लेक खालीच.

म्हणजे स्थिती अशी झाली, खांदा म्हणतो छोटा, डोळे म्हणतात मोठा. सेन्सरचा वाद केव्हाच मागे पडला होता. मी महिनाभर काहीच केलं नाही, कॅमेरा हा विषय बंद. बायकोला शंका आली की आजारी आहे का.

मधल्या काळात व्ह्यूफाइंडर असलेला कॉम्पॅक्ट म्हणून फुजीचा एक्स१०० सिक्स बघून आलो, २०२४ ला आलेला, ४० मेगापिक्सेल, ३५ च्या नजरेचा (म्हणजे फुल फ्रेमवर ३५ लावल्यावर दिसतं तेवढंच दाखवणारा) एफ २ लेन्स, ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही व्ह्यूफाइंडर एकातच. देखणा आहे, हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही. पण ५२१ ग्रॅम, आणि पँटच्या खिशात जात नाही म्हणजे नाही, जॅकेटच्या खिशात गेला तर जॅकेट एका बाजूला लोंबतं. मग त्याला बॅग आली, आणि बॅग आली की मी कॅमेरा बॅगेत ठेवून फिरणार हे मला माझ्याबद्दल माहीत आहे. माझ्या बॉडीपेक्षा जेमतेम दीडशे ग्रॅम कमी. ज्याचे खिसे मोठे असतील त्याने जरूर घ्यावा, मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही.

मग एक दिवस ऑफिसातल्या एकाने त्याचा रिको जीआर थ्री हातात दिला. म्हणाला, घेऊन जा महिनाभर, मी वापरत नाही, मला झूम लागतो. दिसायला काळी साबणाची डबी. २५७ ग्रॅम, बॅटरी-कार्डासकट. आत मात्र एपीएससी सेन्सर, २४ मेगापिक्सेल, २८ च्या नजरेचा एफ २.८ लेन्स. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही, स्क्रीन हलत नाही, काहीच नाही. ज्या माणसाची अख्खी अडचण व्ह्यूफाइंडर आहे त्याच्या हातात हा द्यायचा म्हणजे चेष्टाच. मी शिष्टाचार म्हणून घेतला.

त्यात स्नॅप फोकस म्हणून एक प्रकार आहे. ऑटोफोकसच्या भानगडीत न पडता आधीच अंतर ठरवून ठेवायचं, दीड मीटर, दोन, अडीच, आणि बटण दाबलं की लेन्स सरळ तिथे जाऊन फोटो घेतो. फिल्मच्या जमान्यात रस्त्यावर फोटो काढणारे लोक हेच करायचे, लेन्सवरच्या आकड्यांवर अंतर लावून ठेवायचं आणि फक्त समोर बघायचं. लेन्स आखूड असला की हे फार सोयीचं. हिशोब करून बघितला, खऱ्या १८.३ मिलिमीटर लेन्सला एफ ८ वर अडीच मीटर लावलं तर साधारण सव्वा मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं शार्प येतं. म्हणजे हातभर लांबचा माणूस सोडला तर सगळं जग फोकसमधे. मग स्क्रीनवर बघायचंच काय?

हे कळायला मला दोन दिवस लागले आणि कळलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. फोकस बघायला चष्मा लागत होता, तर फोकस बघायची गरजच काढून टाकली. उरली फ्रेम, ती धूसर दिसली तरी चालते, उलट धूसर बघितल्यावर कुठे काळं कुठे पांढरं एवढंच दिसतं आणि फ्रेम बरी होते असं माझं मत झालंय, हे कदाचित स्वतःची समजूत घालणं असेल. उन्हात तर मी स्क्रीन बघतच नाही. २८ ची नजर किती पसरते ते पाठ करायला आठवडा घालवला, सोपी युक्ती आहे, आडव्या फ्रेममधे जेवढं लांब उभे आहात त्याच्या साधारण सव्वापट रुंदी मावते. दोन मीटरवरून अडीच मीटर. सुरुवातीला सगळे फोटो लांबचे यायचे, मधे लेक आणि भोवती मोकळं मैदान, मग एक पाऊल पुढे टाकायची सवय लागली, मग अजून एक. क्रॉप पण होतो, ३५ एवढा केला तर १५ मेगापिक्सेल उरतात, ५० एवढा केला तर ७, म्हणजे ए४ ला थोडं ताणून का होईना पण होतं.

संध्याकाळी एफ ८ चालत नाही हे उघड आहे. तेव्हा एफ २.८ उघडायचं, अडीच मीटर लावलं तर पावणेदोनपासून चारपर्यंत, त्याच्या आतबाहेर गेलं की गेलं. घरात मी सरळ ऑटोफोकस लावतो आणि चष्मा घालतो, घरात कोण पळतंय. बॅटरी कंपनीच्याच आकड्यानुसार २०० फोटोंची, तेव्हा दुसरी बॅटरी खिशात हवीच, आणि लेन्स निघत नाही म्हणजे आत धूळ गेली तर आपल्याला पुसता येत नाही, खिशातला कचरा झटकायची सवय लावून घ्यावी लागते. हे सगळं मान्य करूनच पुढे बोलतोय.

आता तो सव्वा स्टॉप. एका रात्री वजनकाटा परत काढला आणि एकदम ट्यूब पेटली. माझा मोठा झूम एफ २.८. हा पण एफ २.८. फरक फक्त सेन्सरचा, म्हणजे सव्वा स्टॉप, आयएसओ ३२०० च्या जागी १३०० असल्यासारखं, एवढाच. त्याच्यासाठी मी दीड किलो वाहत होतो, आणि वाहून काढत काय होतो, तर तेच २४ ते ३० मधले १७१ फोटो. तीन महिने मी कॅमेऱ्यासमोर कॅमेरा ठेवून तुलना करत होतो आणि भांडण मुळात कॅमेऱ्यांचं नव्हतंच, ह्या डबीची स्पर्धा माझ्या झूम लेन्सशी होती आणि त्यात झूम हरत होता. ८५ चं कामच वेगळं, नाटकातल्या झाडासाठी दुसरं काही चालत नाही हे बघून झालं होतं. आणि ७० चे ते ७४ फोटो? त्यातले निम्मे तरी ८५ नाही लावला म्हणून काढलेले होते, आळस.

तेव्हा विकला तो झूम, बॉडी आणि ८५ ठेवले, आणि लेन्सच्या जागी डबी आणली. बायको म्हणाली, म्हणजे पाच महिने विचार करून एक विकायचं ते दोन कॅमेरे झाले. मी म्हटलं वजन बघ ना. ती म्हणाली, संख्या बघते.

हे करताना दोनदा चुकीच्या रस्त्याने गेलो होतो तेही सांगतो. एकदा बॉडीसकट सगळं विकायच्या अगदी काठावर होतो, भाव ठरला होता, आणि नाटकाची तारीख आडवी आली म्हणून थांबलो. आणि एकदा उलट, "एक हलका ३५ घे मोठ्यालाच, प्रश्न मिटला" हा सल्ला पटला होता. तो सल्ला वाईट नाही, बऱ्याच जणांना तोच योग्य पडेल, माझी बॉडी आणि छोटा ३५ मिळून किलोच्या आत बसतं. पण आई परत केसांवरून हात फिरवणार, ते वजन कुठल्या काट्यावर मोजायचं.

फोन का नाही, हे कोणीतरी विचारणारच. फोन आहेच, दुकानातल्या पाट्या आणि पावत्यांचे फोटो त्यानेच काढतो. पण फोन बाहेर काढला की त्यात तीन मेसेज असतात, एक तरी उत्तर द्यावं लागतं आणि वर केलं तोंड की उजेड गेलेला. २०१० ला जगात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे विकले गेले होते आणि त्यातले बहुतेक छोटे कॉम्पॅक्टच, ते सगळे फोनने खाल्ले हे बरोबरच झालं, त्यातल्या बहुतेकांचं काम फोन जास्त चांगलं करतो. जे उरले ते असे विचित्र, एकच काम करणारे.

आता सहा महिने झालेत. मोठा कॅमेरा ८५ लावून कपाटात, बॅटरी भरलेली, नाटक आणि एक पोहण्याची स्पर्धा एवढ्यात बाहेर आला आणि दोन्ही वेळा त्याच्याशिवाय भागलं नसतं. डबी रोज डाव्या खिशात. उजव्या खिशात चष्म्याची पेटी, तीही वजन केली, ९४ ग्रॅम.

गेल्या रविवारी चष्मा घरी राहिला. म्हटलं आपल्याला काय, अडीच मीटर, एफ ८, बघायचंय कशाला. दिवसभर फिरलो, सव्वाशे फोटो काढले, लेकीने सुद्धा स्केचबुक आणलं नव्हतं. घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर सगळे काळे ठिक्कर. अंगठ्याने कधीतरी एक्स्पोजर उणे दोनवर गेलं होतं आणि तो आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिवसभर दिसत होता, म्हणजे ज्याला दिसतो त्याला. रॉ (म्हणजे सेन्सरवरची कच्ची फाइल) होते म्हणून उजळवून बरेचसे वाचवले. पण तीन फोटोंत लेकीचा चेहरा तेवढा उन्हात होता आणि मागचं सगळं अंधारात बुडालं होतं, ते तीन तसेच ठेवलेत, हात लावला नाही. बायको विचारत होती हे मुद्दाम केलंस का. मी हो म्हटलंय.